सोसायटीच्या बागेत फुलपाखरं, भेक आणि मुंगसं नांदावीत म्हणून : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्या सोसायटीत राहायला गेलं की बाग तयारच मिळते. कापलेली हिरवळ, कडेने एरिका पाम, मध्ये गोल छाटलेली फायकसची झुडपं आणि रात्रभर जळणारे पांढरे दिवे. दिसायला सगळं हिरवं असतं, पण सकाळी अर्धा तास बसलात तरी कावळे-कबुतरांशिवाय फारसं कुणी फिरकत नाही. खरं तर एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आणि मधून ठाण्याची खाडी. फुलपाखरं, पक्षी, बेडूक, मुंगसं आपल्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत येतातच. आत त्यांना खायला नसतं, लपायला जागा नसते आणि वर फवारणी असते.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत आम्ही काही शेजाऱ्यांनी हे बदलायला घेतलं, तेव्हा बरीच माहिती युरोपातल्या बागांची मिळाली. तिथे हेजहॉग हा बागेतला लाडका पाहुणा. रात्री भुंगेरे आणि अळ्या खात तो एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरतो, म्हणून इंग्लंडमध्ये कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांब-रुंद भोक ठेवायला सांगतात. आपल्याकडे ठाण्यात हेजहॉग नाहीत. भारतातले हेजहॉग राजस्थान-गुजरातच्या आणि तमिळनाडूकडच्या कोरड्या मुलखात राहतात. पण त्यांचं काम करणारे आपल्याकडे भरपूर आहेत : रात्री भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) आणि चिचुंद्री, दिवसा मुंगूस, सापसुरळी, सरडा, भारद्वाज. तिकडची कल्पना घ्यायची, पण प्राणी आणि झाडं मात्र इथलीच धरायची.

आधीच सांगते, या कामात नवीन काही लावण्याचा भाग कमी आहे. जे चाललंय त्यातलं बरंच थांबवणं हा मोठा भाग आहे, आणि तोच अवघड आहे, कारण त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं.

१. आधी काही आठवडे फक्त पाहा

वही घ्या आणि बागेचा साधा नकाशा काढा. कुठे सकाळचं ऊन येतं, कुठे दिवसभर इमारतीची सावली असते, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं, नळ कुठे आहे, हे त्यावर टिपा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पायाखाली काय आहे ते शोधा. ठाण्यातल्या बऱ्याच टॉवरांची बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर असते. तिथे माती जेमतेम फूट-दीड फूट असते आणि खाली वॉटरप्रूफिंगचा थर. तिथे वड, पिंपळ, उंबर लावायचे नाहीत, मुळं स्लॅबमध्ये शिरतात. वाशी, सानपाडा, सीवूड्स अशा खाडीलगतच्या भागांत भरावाची जमीन आणि खारं पाणी असू शकतं. तिथे करंज, उंडी, भेंड ही किनाऱ्याची झाडं चांगली तग धरतात.

मग आधीपासून कोण राहतंय ते बघा. गुलाबाच्या पानाला कडेने कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर पानं कापून घरटं करणारी एकटी माशी तुमच्याकडे आहे. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं छोटं मडकं चिकटलेलं असेल तर ती कुंभारीण गांधीलमाशी. पावसाळी रात्री गेटजवळच्या दिव्याखाली भेक बसलेला दिसेल, पडणारे किडे टिपत. फोटो काढून आयनॅचरलिस्ट अॅपवर टाका, जाणकार ओळख पटवायला मदत करतात. ही यादी पुढे समितीसमोर ठेवायला फार उपयोगी पडते. "आपल्याकडे काही नाहीच" असं म्हणणाऱ्यांना स्वतःच्या सोसायटीतले फोटो दाखवले की बोलण्याचा सूरच बदलतो.

२. समितीची परवानगी आणि लागणारे कागद

ही पायरी टाळून काही केलंत तर पुढच्याच आठवड्यात माळीदादा सगळं उपटून टाकतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. त्यांना सांगितलेलं काम ते करतात. म्हणून आधी कागद तयार करा :

- व्यवस्थापक समितीच्या सचिवांच्या नावे एक पानी अर्ज. बागेचा कुठला भाग, किती काळासाठी, कोण लक्ष देणार, हे स्पष्ट लिहा.
- बागेचा नकाशा, मागितलेला कोपरा रंगवून.
- पेस्ट कंट्रोलच्या कराराची प्रत. कुठलं औषध, कुठे, किती वेळा, हे त्यात नसेल तर ठेकेदाराकडून लेखी मागून घ्या.
- बाग देखभालीच्या कराराची प्रत. पालापाचोळा रोज उचलण्याची अट बहुधा यातच असते.
- पोडियम असेल तर मातीची खोली आणि वॉटरप्रूफिंगबद्दल इंजिनिअरचं किंवा बिल्डरकडून मिळालेलं पत्र.
- मोठ्या झाडाची छाटणी करायची असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांविषयीचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे.

संपूर्ण बाग मागू नका. एक कोपरा मागा, एका पावसाळ्यासाठी. सर्वसाधारण सभेत हा विषय आला की तीन प्रश्न हमखास येतात : डास वाढतील का, साप येतील का, घाण दिसेल का. तिन्हींची उत्तरं खाली येतील, ती तयार ठेवूनच सभेला जा. आणि मंजुरी तोंडी घेऊ नका, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

कोपऱ्याला नीट आखीव कड द्या. विटांची ओळ, बांबूची बुटकी कड, काहीही चालेल, आणि मराठी-हिंदीत छोटी पाटी : "हा भाग फुलपाखरं व पक्ष्यांसाठी असाच ठेवला आहे. कृपया झाडू नये, फवारू नये." कड आणि पाटी असली की मोकळं वाढलेलं गवतही लोकांना दुर्लक्षित वाटत नाही. घाणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

३. विष थांबवा

झाडं लावण्याआधी हे करा. क्रम उलटा झाला तर तुम्ही अळ्यांना बोलावून मारताय असं होईल.

पहिलं म्हणजे धुरळणी. संध्याकाळी मशिन घेऊन पांढरा धूर सोडतात ती. या धुरातली कीटकनाशकं उडणाऱ्या डासांवर असर करतात, तशीच फुलपाखरं, माश्या आणि चतुरांवरही करतात. पाण्यातल्या डासांच्या अळ्यांना मात्र काही होत नाही, त्यामुळे थोड्याच दिवसांत नवे डास तयार. डेंग्यूचा रुग्ण आढळला आणि महापालिकेचं आरोग्य खातं धुरळणी करायला आलं तर अडवू नका, ती वेळ वेगळी असते. दर आठवड्याला सवयीने होणारी धुरळणी मात्र बंद करायला सांगा आणि तो खर्च साचलेलं पाणी शोधण्यावर लावा : टेरेसवरची टाकी, एसीखालचं भांडं, कुंड्यांखालच्या ताटल्या, लिफ्टचा खड्डा, पार्किंगमधले जुने टायर.

दुसरं, उंदरांचं औषध. केकच्या स्वरूपात येणारी बरीचशी औषधं रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो. तो घुबडाने, मुंगसाने किंवा मांजराने खाल्ला की विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे उंदीर खाणारेच आपण मारतो. चिकट सापळे त्याहून वाईट. त्यात पाली, सापसुरळ्या, चिमण्याही अडकतात आणि तडफडत मरतात. उंदरांवरचा खरा उपाय कचऱ्याच्या खोलीत आहे : झाकणाचे डबे, ओला कचरा वेगळा, दारांखाली फटी बंद, नाल्यांवर जाळ्या. हे केल्यावरही उंदीर उरले तर पिंजरा लावा.

तिसरं, फुलझाडांवरची फवारणी. मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर पाण्याचा जोरदार फवारा बऱ्याचदा पुरतो. फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही फक्त लागण झालेल्या फांदीवर आणि संध्याकाळी माश्या परतल्यावर. निंबोळी नैसर्गिक आहे म्हणून सगळीकडे मारायची, ही सापळ्यात पाडणारी समजूत आहे. फुलपाखराच्या अळीलाही ती लागते.

पावसाळ्यात मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी दिसतील. त्या परदेशी आहेत आणि झाडं फस्त करतात. त्यांच्यावर विषारी गोळ्या टाकू नका, कारण त्या गोळ्या भारद्वाज किंवा कुत्राही खाऊ शकतो. रात्री विजेरी घेऊन, रबरी हातमोजे घालून वेचा. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला आजार करणारे परजीवी असू शकतात.

४. पालापाचोळा राहू द्या

हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात जास्त विरोध होणारा. झाडाखाली चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरून ठेवा. त्यात गांडुळं, वाणी, गोम, कोळी, भुंगेऱ्यांच्या अळ्या राहतात. दयाळ आणि सातभाई पाय आणि चोच मारत तो उलटापालटा करतात, भेक दिवसभर त्याच्या ओलाव्यात बसतो. मातीही मे महिन्याच्या उन्हात तापत नाही, पाणी कमी लागतं.

सोबत दोन-तीन जाड ओंडके आडवे टाका. छाटणीत आलेले आंब्याचे, गुलमोहराचे चालतील. निळसर काळा मोठा भुंगा, जो खरं तर लाकूड पोखरून राहणारी माशी आहे, त्यात घर करेल. बांबूची एका बाजूने बंद असलेली, पेन्सिल जाईल एवढ्या पोकळीची नळकांडी जुडी बांधून पावसापासून आडोशाला टांगा. एकट्या राहणाऱ्या माश्या त्यात अंडी घालून तोंड मातीने किंवा पानांनी लिंपतात. या माश्या थव्याने हल्ला करत नाहीत, त्यामुळे मुलांच्या आयांना घाबरायचं कारण नाही.

पालापाचोळा खोडाला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा. इमारतीच्या भिंतीलाही नको. खेळण्याच्या जागेपासून आणि पायवाटेपासून तो कोपरा लांब निवडा. उरलेली छाटणी ट्रकने खाडीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी नेऊन टाकायची सवय ठेकेदारांना असते, ती मोडा. खड्डा करून खत बनवा.

५. फुलांआधी पानं : अळीला काय आवडतं

बहुतेक बागा इथेच चुकतात. नर्सरीत जाऊन फुलझाडं आणली जातात, मग फुलपाखरं येतात, रस पितात आणि निघून जातात. त्यांना अंडी घालायला ठरावीक झाडच लागतं, कारण अळी त्या झाडाचीच पानं खाते. ते झाड असेल तर फुलपाखरं राहतात, पिढ्या वाढतात.

आपल्या हवेत सहज येणारी झाडं :

कढीपत्ता आणि लिंबू. लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं या झाडांवर अंडी घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५ साली तो मान मिळाला, राणी पाकोळी म्हणूनही ओळखतात) लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. येऊरच्या बाजूच्या सोसायट्यांत पावसाळ्यात ते हमखास दिसतं, एवढं मोठं की आधी पक्षी वाटावं.

पानफुटी. गॅलरीतल्या कुंडीतही येते. रेड पिअरो नावाचं छोटं काळं-पांढरं-केशरी फुलपाखरू हिच्यावर अंडी घालतं आणि अळी जाड पानाच्या आत शिरून आतूनच खाते. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी इथून सुरुवात करावी.

कण्हेर. हिच्यावर कॉमन क्रो फुलपाखराची अळी वाढते आणि कोष असा चकचकीत करते की पानाखाली कुणी चांदीचा थेंब टांगलाय असं वाटतं. कण्हेर विषारी आहे, लहान मुलं खेळतात तिथे लावू नका.

रुई आणि हळदीकुंकू नावाचं झुडूप. प्लेन टायगर फुलपाखरासाठी. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गणपती-मारुतीला रुईची पानं वाहणारी मंडळी हे झाड आनंदाने राखतात, हा आमचा अनुभव.

सोनचाफा, सीताफळ आणि उंच वाढणारा खोटा अशोक. टेल्ड जे या चपळ हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखरासाठी. खोटा अशोक तर अर्ध्या ठाण्यात कुंपणाला आधीच उभा आहे, फक्त त्यावरची फवारणी थांबवा.

बहावा जमिनीत, टाकळा कुठेही. पिवळी आणि पोपटी-पांढरी फुलपाखरं यांच्यावर येतात. टाकळा पावसाळ्यात आपोआप उगवतो, भाजीही होते. माळीदादांना तो तण वाटतो, म्हणून त्याची ओळख करून द्या.

कृष्णकमळाचा वेल टॉनी कॉस्टरसाठी, आणि खुळखुळा पावसाळ्यानंतरच्या टायगर फुलपाखरांसाठी. खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या फांद्यांवर नर टायगर झुंबड करून बसतात, त्यातली रसायनं त्यांना प्रजननासाठी लागतात. वाळलं म्हणून ते झाड उपटू नका.

आंबा आधीच असेल तर पानं नीट निरखा. बॅरन फुलपाखराची काटेरी पिसांची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की बोट लावेपर्यंत कळत नाही.

मधासाठी तुळस (मंजिऱ्या खुडू नका, माश्या त्यांच्यावरच येतात), सदाफुली, पेंटास, एकेरी पाकळ्यांची जास्वंद, शेवगा. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या जातींत मध-पराग कमी किंवा हाती लागत नाही, त्या टाळा. जमिनीत जागा असेल तर पांगारा किंवा तामण लावा. तामण आपलं राज्यफूल आहे. पांगारा फुलला की शिंजीर, बुलबुल, साळुंकी, कोतवाल एकाच झाडावर दिसतात. उंबर लावता आला तर तांबट आणि वटवाघळं दोघांचं पोट भरतं, पण इमारतीपासून बराच लांब.

टाळायच्या गोष्टी. घाणेरीवर फुलपाखरं येतात खरी, पण ती पक्ष्यांमार्फत डोंगरावर पसरते आणि तिथली झुडपं दडपते, नव्याने लावू नका. कोनोकार्पसचं कुंपण लवकर दाट होतं म्हणून बिल्डर लावतात. त्याच्या परागकणांमुळे त्रास होतो अशा तक्रारी असतात, आणि गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. येऊरमधून रोपं किंवा बिया उपटून आणू नका, तिथलं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तो गुन्हा आहे. नर्सरीतून रोप घेताना "याला औषध मारलंय का?" हे विचाराच, आणि तरीही तीन-चार आठवडे वेगळं ठेवून मगच कोपऱ्यात लावा.

झाडं प्रत्यक्ष बघून ठरवायची असतील तर घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडीतलं फुलपाखरू उद्यान पाहून या. एका कुटुंबाने शेतजमिनीवर उभं केलेलं आहे. कोणत्या झाडावर कोण येतं हे तिथे डोळ्यांनी कळतं.

आणि तयारी ठेवा : झाडं लागली की पानं खाल्ली जाणार. आमच्याकडे एक आजी काळजीने म्हणाल्या, "अगं, कढीपत्त्याला अळ्या लागल्यात, औषध मारायला सांग." त्यांना एक अळी काडीसकट बरणीत ठेवून दिली, रोज ताजी पानं घालायला सांगितलं. फुलपाखरू बाहेर पडलं तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यावरची मुलं गोळा केली. आता त्यांच्यासमोर कुणी औषधाचं नाव काढू शकत नाही. घरच्या फोडणीसाठी कढीपत्त्याचं दुसरं झाड ठेवा म्हणजे तक्रार राहत नाही.

६. पाणी, पण डासांशिवाय

पसरट मातीची थाळी, दोन-तीन इंच पाणी, मध्ये दोन दगड, म्हणजे माश्यांना आणि फुलपाखरांना टेकायला जागा होते. एखाद्या थाळीत माती आणि चिमूटभर मीठ घालून चिखल ठेवा. नर फुलपाखरं क्षार शोषायला त्यावर बसतात.

थाळी रोज ओता आणि घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी बदलणं पुरत नाही. नारळाच्या काथ्याने घासायचं.

मोठा टब किंवा छोटं तळं करणार असाल तर त्यात पाणवनस्पती लावा आणि कड उताराची ठेवा, नाहीतर बेडकाचं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही आणि पडलेली चिचुंद्री बुडते. चतुर आणि टाचण्या आल्या की त्यांची पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्या खातात. तरी सुरुवातीच्या महिन्यांत दर काही दिवसांनी गाळणीने पाणी तपासा. डासांच्या अळ्या दिसल्या तर बीटीआय नावाचं जिवाणूंपासूनचं औषध मिळतं, ते डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या कुळांतल्या अळ्यांवरच चालतं. गप्पी मासे सोडलेत तर बेडकांची अंडी वाचणार नाहीत, तेव्हा दोन्हींतलं एक ठरवा. गप्पी कुठल्याही तलावात किंवा नाल्यात कधीच ओतू नका. आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी तपासणीला आले की त्यांना स्वतः टब दाखवा. लपवलेल्या टबावरून नोटीस येते, दाखवलेल्यावर सल्ला मिळतो.

७. भिंत, दिवे, मांजा, कबुतरं

सलग भिंतीच्या तळाशी, डोंगर किंवा तलावाच्या बाजूला, पावसाचं पाणी जायला ठेवलेली भोकं असतातच. ती सिमेंटने बंद करू नका, मुंगूस आणि भेक तिथूनच ये-जा करतात. रस्त्याच्या बाजूला मात्र नवीन भोक पाडू नका, प्राणी सरळ गाड्यांखाली जातील.

बागेतले पांढरे, वर तोंड केलेले दिवे काढून पिवळसर, खाली झाकलेले लावा आणि रात्री अकरानंतर टायमरने बंद करा. पायवाटेचे राहू द्या. किडे दिव्याभोवती फिरून मरतात, ते वाचतात, आणि वीजबिल बघून खजिनदारही तुमच्या बाजूला येतात.

संक्रांतीनंतर झाडांतला मांजा काढायला एक रविवार ठरवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी झाडांत तो लटकलेला सापडतो आणि घारी, वटवाघळं त्यात अडकतात.

कबुतरांना दाणे घालू नका. दाण्यांनी कबुतरं आणि उंदीर दोन्ही वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात. पक्ष्यांना खाऊ घालायचं असेल तर उंबर लावा.

८. साप, मोहोळ, बिबट्या : घाबरून निर्णय नको

साप आधीही येत होते, उंदरांमागे. कचरा आवरला की तेही कमी होतात. आपल्याकडे दिसणारे बहुतेक बिनविषारी : धामण, नानेटी, दिवड, तस्कर. मुख्य विषारी चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. लांब राहा, मुलांना मागे घ्या, एकाने नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. ज्याला सर्पमित्र म्हणवून घ्यायची हौस आहे अशा शेजाऱ्याला पकडू देऊ नका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचा.

टॉवरच्या वरच्या मजल्यांवर आग्या मोहोळ बसतं. या माश्या हंगामानुसार जागा बदलतात, बऱ्याचदा काही महिन्यांनी स्वतःहून जातात. धूर, टेंभा, फवारा यांपैकी काहीही केलंत तर चिडून थेट हल्ला होतो. गॅलरीचे दिवे रात्री बंद ठेवा, खिडकीला जाळी लावा. अगदी जिन्याच्या तोंडाशी असेल तरच, जिवंत हलवणाऱ्या माणसाला बोलवा.

येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांनी एवढंच पाळावं : उघडा कचरा नको, भटक्या कुत्र्यांना उरलेलं खाणं टाकू नका, आणि मुलं खेळतात त्या कडेला माणूस लपेल एवढं दाट झुडूप नको. कुत्री जमली की बिबट्या त्यांच्यामागे येतो.

पोपट, मुंगूस, कासव, साप यांपैकी कुणालाही पकडून आणून बागेत सोडू किंवा पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. जखमी प्राणी मिळाला तरी वन विभागाच्या १९२६ वरच फोन.

९. वर्षभर काय कधी

मे : मान्सूनपूर्व छाटणी याच महिन्यात होते आणि कावळ्यांची पिल्लं तेव्हाच घरट्यात असतात. फांदी कापण्याआधी वर बघा, घरटं असेल तर ती फांदी पुढे ढकला. पाण्याच्या थाळ्या दिवसातून दोनदा भरा.

जून : पहिला मोठा पाऊस झाल्यावर रोपं लावा. बेडकांची डरावडराव सुरू झाली की रात्री टबाजवळ दिवे बंद.

जुलै-सप्टेंबर : टाकळा, गवत वाढू द्या. कडेची वाट तेवढी कापा. गोगलगायी वेचा, पाणी तपासा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत बी धरेपर्यंत थांबा, मुनिया त्यावर येतात. मग एका वेळी अर्धाच भाग कापा.

डिसेंबर-एप्रिल : ओंडके, बांबू, पाट्या दुरुस्त करा, पांगाऱ्याखाली बसून पक्ष्यांच्या नोंदी ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत : खुरपं, छाटणीची कात्री, झारी, रबरी हातमोजे, गमबूट, विजेरी, गाळणी.

समिती बदलते, देखभालीचा ठेकेदार बदलतो, माळीदादा गावी जातात आणि त्यांच्या जागी नवीन माणूस येतो. म्हणून ठरावाची प्रत, नकाशा, झाडांची यादी आणि फोटो एका फाइलमध्ये सोसायटी ऑफिसला ठेवा. नवीन माळी आला की पहिल्याच सकाळी चहा घेऊन त्याच्याबरोबर पूर्ण कोपरा फिरा, टाकळा आणि खुळखुळा हातात धरून दाखवा, आणि फवारणीचा पंप कुणाच्या परवानगीशिवाय बाहेर काढायचा नाही हे सुपरवायझरसमोर सांगा.